नळी निसटली, खडे राहिले

मांजरसुंब्याच्या चौकात गाडीत पेशंट असला की गाडी कुठं वळवायची हे आधी ठरवावं लागतं. उत्तरेला बीड आणि पुढं छत्रपती संभाजीनगर, पूर्वेला केजवरून अंबाजोगाई, दक्षिणेला सोलापूर. पुढचं बोलणं या चौकापासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरातलं आहे. अक्का, बापू आणि अण्णा ही माणसं मी रचलेली आहेत. त्यांचा वाद मात्र मराठवाड्यातल्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर ऐकायला मिळतो.

अण्णा ७८ वर्षांचे. मधुमेह जुना. गेल्या आषाढात छातीत भरून यायला लागलं म्हणून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. कार्तिकात, कपिलधारची यात्रा तोंडावर आलेली असताना, उजव्या बरगडीखाली कळ उठली. ॲसिडिटी म्हणून दोन दिवस गोळ्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि रक्तदाब खाली गेला. सोनोग्राफीत पित्ताशय टम्म फुगलेलं दिसलं, भिंत जाड झालेली, तोंडाशी खडा अडकलेला. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू, साखर हाताबाहेर, स्टेंट जेमतेम चार महिन्यांचा. अशा माणसाला भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. डॉक्टरांनी कातडी बधिर केली आणि सोनोग्राफीत बघत बघत, बरगड्यांमधून यकृताच्या वाटेनं पित्ताशयात नळी सरकवली. पिशवीत काळपट पू उतरला. अण्णा वाचले.

पाचव्या आठवड्यात झोपेत कूस बदलताना नळी निसटली. दुखत नव्हतं, म्हणून कुणी दवाखान्यात गेलं नाही. चैत्रात तीच कळ पुन्हा उठली. बीडला चार दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक घेऊन ताप उतरला. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनचं मनावर घ्या. धाकटा बापू तयार नाही. थोरली अक्का पुण्याच्या एका सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. ती पहाटेच्या गाडीनं आली.

बापू : अक्का, तू उगं घाबरवायलीस. मागल्या बारीला नळी टाकली, तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पंधरा दिवसांत अण्णा वट्ट्यावर बसून लोकांशी बोलायले. जे लागू पडलं तेच पुन्हा करायचं.

अक्का : लागू पडलं ते पू काढण्यापुरतं. मोरी तुंबली म्हणून बाजूच्या भिंतीला भोक पाडून पाणी काढून दिलं, तसं झालंय ते. तोंडातला बोळा तिथंच आहे. नळी असते तीन मिलिमीटरची. तिच्यातून पू येतो, पित्त येतं, खडे येत नाहीत. कार्तिकात जेवढे होते तेवढे आजही आहेत, सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय.

बापू : मग नळी पडल्यावर चार महिने कसं काही झालं नाही?

अक्का : सूज उतरली तेव्हा खडा जरा मागं सरकला असेल, वाट मोकळी झाली असेल. पुन्हा अडकला की पुन्हा तेच. म्हणून नळी अशी काढत नाहीत बापू. आधी तिच्यातून रंगाचं औषध सोडतात आणि एक्स-रेखाली बघतात. रंग पित्ताशयातून खाली मोठ्या नलिकेत आणि तिथून आतड्यात उतरला, तर वाट मोकळी. पित्ताशयातच थांबला, तर वाट बंद, नळी काढायची नाही. अण्णांचा तो फोटो राहूनच गेला. कार्डावर सहा आठवड्यांनी या असं लिहिलेलं होतं, आणि नळी पाचव्यातच पडली.

बापू : कार्ड इंग्रजीत. वाचणार कोण? आणि बऱ्या माणसाला दीडशे किलोमीटर संभाजीनगरला गाडीत घालून कोण नेतंय?

बापूचं हे बोलणं मला सबब वाटत नाही. ज्या घरात असा माणूस आहे तिथं नळीचा सगळा कारभार घरच्यांच्या गळ्यात पडतो. सिरिंजनं सलाइन सोडून नळी धुवायची, पिशवीत किती उतरलं ते लिहून ठेवायचं, टाका ओढला जाऊ नये म्हणून पट्टी बदलायची, आणि हे सगळं धूळ, माश्या, लाइट जाणं यांच्यात. बापू हे रोज करत होता. पिशवी धोतराच्या आतून कमरेला बांधायची युक्तीही त्यानंच काढली होती. नळी निसटणं हा या उपचारातला नेहमीचा त्रास आहे, मोठ्या शहरातल्या रुग्णालयांतही तो होतो. मात्र निसटली की पुढं काय करायचं, हे त्या घराला कुणी समजेल असं सांगितलं नव्हतं.

बापू : आणि सगळ्यांनाच पुन्हा होतं असं थोडंच आहे? डॉक्टरच म्हणाले, कित्येकांचं नळीवर भागतं.

अक्का : भागतं. खोटं नाही ते.

खरंच खोटं नाही. नळीवर थांबून ऑपरेशन न केलेल्या रुग्णांच्या नोंदी रुग्णालयागणिक वेगळ्या आहेत. कुठं दहांतल्या एकाला पुन्हा सूज येते, कुठं चौघांना. येते तेव्हा बहुतेकदा पहिल्या वर्षातच येते. शिवाय काहींच्या पित्ताशयात खडे नसतातच. मोठं भाजणं, अपघात, अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस तोंडानं काही न घेणं, अशा अवस्थेत खड्यांशिवायही पित्ताशय सुजतं. अशा माणसाचा मूळ आजार बरा झाला आणि नळी निघाली, की पुष्कळदा प्रकरण तिथंच मिटतं. त्याला उगाच टेबलावर घेऊ नये. अक्कानं हे बापूला सांगितलं.

बापू : बघ! म्हणजे दहांतले सहा तर सुटतात.

अक्का : त्या सहांत बिनखड्यांचे किती, ते बघ. आणि पुन्हा सूज यायच्या आधीच दुसऱ्या दुखण्यानं गेलेले किती, तेही बघ. पण ते सोड. अण्णांना तर झालंय ना पुन्हा? आता त्यांना त्या दहांत कशाला मोजतोस?

बापूकडे यावर उत्तर नव्हतं. तो उठून पाणी पिऊन आला.

इथं एका अभ्यासाबद्दल सांगायला हवं, कारण या वादात त्याचं वजन मोठं आहे. नेदरलँड्समधल्या ११ रुग्णालयांनी जोखमीच्या १४२ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत विभागलं. एका गटाचं दुर्बिणीतून ऑपरेशन करून पित्ताशय काढलं, दुसऱ्या गटाला नळी घातली. निकाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑपरेशन झालेल्यांत १२ टक्के जणांना मोठी गुंतागुंत झाली, नळीवाल्यांत ६५ टक्के. पित्ताचा त्रास पुन्हा उलटला तो ऑपरेशनवाल्यांत ५ टक्के जणांना, नळीवाल्यांत ५३. फरक इतका उघड होता की अभ्यास ठरल्याआधीच थांबवावा लागला. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही.

अक्कानं हे आकडे वॉर्डातल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले होते. तिनं ते बापूला सांगितले.

बापू : हॉलंडचं हॉलंडला राहू दे. तिथं दर बेडला मशीन, दर पेशंटला डॉक्टर. इथं रात्री दोनला अण्णांचा श्वास अडकला तर मी कुणाला हाक मारू?

ही शंका मी हलकी मानत नाही. त्या अभ्यासात अगदी अत्यवस्थ रुग्ण घेतलेच नव्हते. ऑपरेशनं करणारे सर्जन या कामात मुरलेले होते. म्हणून कार्तिकातल्या अण्णांना तो अभ्यास लागू करून नळी चुकीची ठरवणं अन्यायाचं होईल. रक्तदाब ढासळलेला, रक्तात जंतू पसरलेले, स्टेंट कोवळा: त्या रात्री नळीच बरोबर होती. तोक्योच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नळीची जागा हीच आहे, ऑपरेशन सोसू न शकणाऱ्यासाठी. पण चैत्रातले अण्णा कार्तिकातले अण्णा नाहीत, आणि अक्काचा सगळा जोर त्याच्यावर होता.

अक्का : तेव्हा नळी कशासाठी टाकली, ते आठव. स्टेंट नवा होता, आज नऊ महिन्यांचा झालाय. साखर चारशेच्या वर होती, आता दीडशे-पावणेदोनशे आहे. प्रेशर लागत नव्हतं, आज अण्णा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. ज्या कारणांसाठी ऑपरेशन टाळलं ती गेली, आणि आपण अजून टाळतोयच.

बापू : तुला बोलायला सोपंय. आपल्या चुलतवहिनीची गर्भपिशवी काढली तेव्हा पण डॉक्टर असंच म्हणला होता. काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. बत्तीस वर्षांची होती ती. काय झालं पुढं? कंबर गेली, हाडं दुखतात, कोयता हातात धरवत नाही. ह्या जिल्ह्यात डॉक्टर काढा म्हणला की माझ्या पोटात गोळा येतो.

बीड जिल्ह्यात बसून हे वाक्य ऐकताना मान खाली घालावी लागते. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साध्या औषधानं भागलं असतं अशा तक्रारींवर कॅन्सरची भीती घालून कित्येकींना टेबलावर घेतलं गेलं. ज्या घरानं हे सोसलं ते घर पोटातला अवयव काढायला सहज हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. बापूची भीती अनुभवातून आलेली आहे.

अक्का बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,

अक्का : वहिनीला एक प्रश्न कुणी विचारू दिला नाही. नाही काढलं तर काय होईल? तो प्रश्न आज तू विचार. दहा वेळा विचार, दोन डॉक्टरांना विचार. वहिनीच्या बाबतीत उत्तर नुसती धमकी होती. अण्णांच्या बाबतीत उत्तर आपल्या डोळ्यांसमोर दोनदा घडून गेलंय. यकृत रोज पाऊण-एक लिटर पित्त करतं. पित्ताशय त्यातलं मूठभर साठवतं, बस. ते नसलं तर पित्त सरळ आतड्यात उतरतं. थोडे दिवस तेलकट सोसत नाही, कुणाला जुलाब होतात. पण वहिनीचं जे झालं तसं शरीर खचत नाही.

बापू : आणि ते खडे विरघळवायचं औषध? गावात एक जण पुडी देतो.

अक्का : पुडीत काय असतं ते मला माहीत नाही. दवाखान्यातही एक गोळी आहे. ती बारीक, चरबीच्या खड्यांवर, तेही महिनोन्महिने घेतल्यावर थोडीफार चालते, आणि पित्ताशय नीट काम करत असेल तरच. सुजून पू झालेल्या, तोंड बंद झालेल्या पित्ताशयात तिचा काही उपयोग नाही.

भावंडांचा हा वाद शस्त्रक्रियेच्या इतिहासात जसाच्या तसा होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात पित्ताशयाला भोक पाडायचं, खडे आणि पू काढायचा आणि पित्ताशय आत ठेवायचं अशी रीत सुरू झाली. बर्मिंगहॅमचे लॉसन टेट हे त्या काळचे नावाजलेले सर्जन या रीतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. अख्खं पित्ताशय काढणं त्यांना निव्वळ मूर्खपणा वाटे. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखांना मात्र दिसत होतं की भोक पाडलेल्यांचा त्रास उलटतो. पित्ताशयात खडे असतात हे काढण्याचं कारण नाही, ते खडे तयार करतं हे कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. १५ जुलै १८८२ रोजी त्यांनी १६ वर्षं कळा सोसलेल्या ४३ वर्षांच्या माणसाचं पित्ताशय काढलं आणि तो माणूस बरा होऊन घरी गेला. काळानं कौल लांगेनबुखांना दिला. पुढं हेच ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं. भारतात ते पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी केलं, म्हणजे सरकारी रुग्णालयात, गोरगरिबांच्या वॉर्डात. टेट यांची रीत संपली नाही. ती सोनोग्राफीच्या सुईच्या रूपानं परत आली आणि असंख्य अत्यवस्थ माणसांना तिनं वाचवलं. ती वेळ मिळवून देते. मिळालेल्या वेळेचं काय करायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

इतका वेळ अण्णा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. दोघांना वाटलं झोपलेत.

अण्णा : भूल उतरंल का गं?

अक्का : ते आज मी छातीठोक सांगू शकत नाही अण्णा. भूलतज्ज्ञ सांगतील. छातीची टूडी इको बघतील, फुप्फुसं बघतील, किती पायऱ्या दम न लागता चढता ते विचारतील. रक्त पातळ करायच्या गोळ्यांपैकी एक बहुतेक चालू ठेवतात, दुसरी काही दिवस आधी थांबवतात. पण ते हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचं. आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही.

अण्णा : आन पोट फाडतील?

अक्का : चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून सुरू करतील. तुम्हाला दोनदा सूज येऊन गेलीय, म्हणजे आत चिकटलेलं असणार. फारच चिकटलेलं निघालं तर पोट उघडावं लागतं, किंवा पित्ताशयाचा थोडा भाग मागं ठेवून बाकीचं काढतात, मोठ्या नलिकेला इजा नको म्हणून. आणखी एकदा सूज आली तर आणखी चिकटेल.

अण्णांनी बापूकडं पाहिलं. मग म्हणाले, "तपासणीला तर जाऊ. तो भूल देनारा नको म्हनला तर नको."

आजारी माणसाला विचारण्याआधी त्याच्या पोटाचा निकाल दोघांनी लावत आणला होता, हे मला बोचलं. आपल्याकडं म्हाताऱ्यांच्या बाबतीत सर्रास असं होतं. अण्णांना नळीची पिशवी कमरेला बांधून लोकांत बसायची लाज वाटत होती, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बापूला ते माहीत असतं तर पुन्हा नळी टाकू, हे त्याच्या तोंडून इतक्या सहज आलं नसतं.

बापू : समजा भूलवाले नको म्हणले. मग?

अक्का : मग नळीच. पण मागच्यासारखी नाही. रंगाचा फोटो काढल्याशिवाय ती निघणार नाही. वाट बंदच राहिली तर नळी महिनोन्महिने राहील, ठरावीक दिवसांनी बदलावी लागेल. मोठ्या शहरांत आता तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताशयाला आतून, पोटाच्या किंवा आतड्याच्या बाजूनं वाट करून देतात, बाहेर पिशवी लागत नाही. ज्याला ऑपरेशन कधीच जमणार नाही त्याच्यासाठी ते विचारता येईल. तेव्हा ऑपरेशनचा हट्ट मी धरणार नाही.

बापू : खर्च?

अक्का : रेशन कार्ड, आधार कार्ड घे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात बसलेला असतो, आधी त्याला गाठ.

ठरलं ते असं. संभाजीनगरऐवजी अंबाजोगाई. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय केजच्या रस्त्यानं साठ-सत्तर किलोमीटरवर, रोज कुणीतरी जाऊन येऊ शकेल इतक्या अंतरावर. बापूला पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. पण कार्तिकातलं इंग्रजी कार्ड त्यानं पत्र्याच्या पेटीतून शोधून काढलं आणि अक्काकडून ओळ न् ओळ मराठीत लिहून घेतली.

या वादात मी अक्काच्या बाजूचा आहे. खडे आहेत, एकदा उलटून झालं आहे, शरीर भूल सोसण्याजोगं झालं आहे, तर पित्ताशय काढावं, आणि पुढची कळ उठायच्या आत काढावं. बापूचं एक म्हणणं मात्र मी रुग्णालयांपुढं ठेवू इच्छितो. नळी घालून घरी पाठवलेल्या माणसाचं कार्ड मराठीत असावं. त्यावर फोटोची तारीख, ऑपरेशनसाठी पुन्हा तपासायची तारीख आणि नळी निसटली तर फोन करायचा नंबर, या तीन गोष्टी ठळक असाव्यात. याला नवी इमारत लागत नाही, मशीन लागत नाही.

आणि तुमच्या घरात कुणाच्या बरगडीखाली अशी नळी असेल, तर ती निसटल्या दिवशीच दवाखाना गाठा. दुखत नसलं, ताप नसला, माणूस भाकरी खात असला तरीही.